ट्यूबच्या शेपटीवरचा काळा चौकोन

मोंगू, रविवार

आदरणीय अकापेल्वादादा यांस लिसेलोचा नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि (अजून असल्यास) तुमचं म्हातारं कुत्रं, सर्वांची खुशाली कळवावी. मी बरा आहे. तुमची बहीण, माझी नामुकोलो, जाऊन तीन महिने झाले; त्यात हे वाक्य आज प्रथमच खरं लिहितो आहे. कारण सांगतो.

दुखवट्याला सगळे घरी असताना तुमच्या धाकट्या बहिणीने, मोंडेताईंनी, न्हाणीघरातली टूथपेस्ट उचलली, ट्यूबच्या शेपटीवरचा काळा चौकोन पाहिला आणि हंबरडा फोडला. तुम्ही तेव्हा निघून गेला होतात. काळी खूण म्हणजे निव्वळ रसायन, हिरवी म्हणजे झाडपाला, असं त्यांना फोनवर कुणीतरी पाठवलं होतं. "नऊ वर्षं माझी बहीण हेच घासत होती का रे?" मी मान हलवली. दर महिन्याला मीच आणत होतो. डॉक्टरांनी हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं होतं, पण त्या दिवसापासून मला तो चौकोनच दिसू लागला. मग गल्लीतल्या बायकांनी घरोघरच्या पिशव्या तपासल्या. मिठाच्या पिशवीवर चार रंग निघाले, तेव्हा मीठ औषध की विष यावरून चर्चच्या गायकमंडळात दोन तट पडले. शेवटी काळ्या खुणेला भिऊन सगळे कोळशाने दात घासू लागले. (कोळशाचा रंग कुणी विचारात घेतला नाही. मीही घासले.)

मागच्या आठवड्यात कचेरीच्या कामाने लुसाकाला गेलो, ती ट्यूब खिशात घालून. वेष्टणं छापणाऱ्या एका कारखान्यात शिरलो. यंत्रावरचा माणूस हामुसोंडे, म्हणजे नावावरूनच टोंगा जमातीचा, म्हणजे आपल्या लोझींचा थट्टेचा भाऊ; एकमेकांना काहीही बोलावं आणि कुणी रागवू नये, ही दोन्ही जमातींची जुनी रीत. मी लोझी म्हणताच तो म्हणाला, "ये रे मासेखाऊ! पूर आला म्हणून होडीतून पळालास का?" बायको गेल्याचं सांगितलं, तर म्हणतो, "तुझ्या हातचं जेवण्यापेक्षा सुटली बिचारी." (तो त्याचा हक्कच. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो.) मग ट्यूब दाखवली. "अरे, ही खूण यंत्रासाठी! यंत्राच्या डोळ्याला ती दिसली की कुठे कापायचं ते त्याला कळतं. जी शाई चालू असेल, त्या रंगाची. आतल्या मालाशी काय संबंध?"

आता पंचाईत अशी, की थट्टेच्या भावाचं खरं मानायचं कसं? मी शपथ मागितली. त्याने आईची घेतली. माझं समाधान होईना. चर्चची घेतली, तरी होईना. शेवटी म्हटलं, "गाईची घे." तो एकदम गंभीर झाला. टोपी काढली आणि घरच्या तांबड्या गाईचं नाव घेऊन शपथ घेतली. टोंगा माणूस गाईची खोटी शपथ घेत नाही, दादा. मी तिथल्याच खोक्यावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. त्याने पाणी आणून दिलं आणि तेवढा वेळ एकही टोमणा मारला नाही.

मोंडेताई आधी म्हणाल्या, "टोंग्याच्या शब्दावर विश्वास ठेवलास?" गाईचं ऐकल्यावर त्यांनी दात घासायचा कोळसा चुलीत टाकला.

आपला,
लिसेलो

ता. क. काल दुकानात काळ्या खुणेची पेस्ट हातात घेतली, पाव तास उभा राहिलो आणि हिरव्या खुणेची घेऊन आलो. हे मोंडेताईंना कळवू नये.

आणखी एक. पुढच्या महिन्यात तुम्ही मंडळी नामुकोलोचे कपडे वाटायला याल. तो तुमचा अधिकार; सगळं बांधून ठेवलं आहे. फक्त कमरेला गुंडाळायचं तिचं पिवळ्या फुलांचं कापड माझ्याकडे राहू द्याल का? पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. पण विष आणून देणाऱ्याने कोणत्या तोंडाने मागावं, म्हणून गप्प होतो.