उलटी कवडी सरळ करू नये

मी, हिरीबाई दौलतसिंग चव्हाण, वय एकाहत्तर, राहणार वरचा तांडा, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही. संग्रहालयाची गाडी सोमवारी माझी ओढणी न्यायला येणार, म्हणून घाई आहे.

१. घर आणि सव्वादोन एकर शेत मुलगा किशन याला. सुया, कात्री, आरशांचा डबा मुलगी उज्ज्वला हिला.

२. भाऊ भाऊसिंग याला काहीच देऊ नये. आमची आई धनीबाई हिने भरलेली ओढणी त्याने मला न विचारता एका गाडीवाल्या साहेबाला देऊन टाकली. तेरवीला आला तर पोटभर जेवू घालावे आणि निघताना ओढणीची आठवण करून द्यावी.

३. तीच ओढणी दिवाळीनंतर मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयात काचेआड दिसली. किशनने हौसेने नेले होते. शेजारच्या चित्राखाली चित्रकाराचे नाव, गाव, जन्मसाल. आईच्या कामाखाली "अज्ञात कारागीर". तेही मी गिळले असते. पण आईने एक कवडी मुद्दाम उलटी शिवली होती, दात आत, पाठ वर. ती सरळ केलेली होती.

तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "आजी, ती चूक होती. आम्ही दुरुस्त केली."

"चूक नाही ते, बाई. तो माहा भाऊ हाये. लहानपणी देवी आल्या त्याले, त्यातच गेला. मायनं त्याच्या नावानं उलटी शिवली."

"माय, कायले भांडून राह्यली? लोकं पाहून राह्यले," असे म्हणत किशनने मनगट धरून मला बाहेर आणले. ती पकड मी विसरलेली नाही.

४. आता त्यांना माझीही ओढणी हवी आहे. माझे नाव लिहू म्हणतात. किशनने परस्पर होकार कळवला, अगदी मामावर गेला आहे. मी जिवंत असेपर्यंत ओढणी पेटीतच राहील. किल्ली मानोऱ्याच्या कवड्यांच्या दुकानवाल्या सरवरीकडे दिली आहे, शोधू नये. माझ्यामागे उज्ज्वलाने माझी सुई घेऊन तिथे जावे आणि सगळ्यांदेखत आजीची कवडी पुन्हा उलटी करावी. करू दिली तर माझी ओढणी त्यांची. अडवले तर ती माझ्या अंगावर घालून मला जाळावे, आणि त्यांचा हो-नाही कळेपर्यंत अग्नी देऊ नये, मग कितीही वेळ लागो.

५. माझ्या ओढणीतही डाव्या खांद्याजवळ एक कवडी उलटी आहे. किशन, तू एकदा म्हणालास, "माय, हे एक चुकली वाट्टे तुही." मी हो म्हणाले. खोटे बोलले. तुझ्याआधी एक मुलगी झाली होती, ऊसतोडीला गेलो तेव्हा, फडावरच्या पाचटाच्या कोपीत. नऊ दिवस जगली. नाव ठेवायचे राहून गेले. तिची कुठेच नोंद नाही, तेवढी कवडी आहे.

पाटीवर माझे नाव नसले तरी चालेल. तिला कोणी सरळ करू नये. किशन, या वेळी हात धरायचाच असेल तर त्यांचा धर.

सही: हिरीबाई दौलतसिंग चव्हाण

साक्षीदार:
१. सरवरी, मानोरा, आरसे-कवड्यांचे दुकान
२. जगदेव, तांड्याचा नायक

वरचा तांडा, ता. मानोरा
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६