आईच्या नावाचं घर

वेलिमाधू,
शनिवार, २४ फेब्रुवारी १९९६

प्रिय आईला सलाम.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. धाकट्या लैशाचा खोकला गेला. मनिकूकाकांची बोट तांदूळ घेऊन तिकडे आपल्या फिनिधूवरून जाणार असं आज कळलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. आधी पाटीवर कच्चं लिहितो आहे, मग कागदावर उतरवीन. खाडाखोड केलेलं पत्र पाठवायची मला लाज वाटते हे तुला ठाऊक आहेच.

ईद इथेच झाली. मशीद मोठी आहे, पंखे आहेत, पण बांग देणाऱ्याचा आवाज मूसाकाकांसारखा नाही. त्यांना आणि झुलेखाकाकूंना माझा सलाम सांग. दोघं म्हातारे हट्टानं मागे राहिले ते एका परीनं बरंच झालं, तुला सोबत आहे.

बेट रिकामं करण्याच्या बदल्यात सरकारनं कबूल केलेली दोन्ही घरं मिळाली. बाबांच्या नावाचं आणि तुझ्या नावाचं, अगदी शेजारी शेजारी. तुझ्या घराचं दार निळं आहे, मागे स्वतःची विहीर आहे आणि तिचं पाणी गोडं आहे. बाकीच्यांनीही बेट सोडताना दोन दोन घरं घेतली. तलाकाच्या त्या आठवड्यात कोर्टापुढे केवढी रांग लागली होती! सोडलेली बाई म्हणजे वेगळं कुटुंब आणि वेगळ्या कुटुंबाला वेगळं घर, हे एकदा कळल्यावर कोण थांबतंय! मनिकूकाका ओरडत होते, "अरे, तुमच्या लग्नांना मिळून एवढी माणसं नव्हती!"

त्या सगळ्यांनी आपापल्या बायका परत घेतल्या. कोणी तर वाट बघितलीच नाही, बोटीवर गाद्यांच्या ढिगावर बसल्या बसल्याच "चल गं, घेतली तुला परत" म्हणून मोकळे झाले. आपल्यात असा थिल्लरपणा नको, तलाकानंतरचे इद्दतीचे तीन महिने सुरू झाले त्याच घरात नीट पुरे करावेत, हे बाबांचं म्हणणं तुलाही पटलं होतं. शिवाय नीरफणसाच्या झाडांची मोजणी व्हायची आहे, कोणी हजर नसेल तर भरपाई बुडेल. एप्रिलच्या मध्याला दिवस संपले की बोट तुला घ्यायला येईल.

एक सांगायचं राहिलं. बंद घराला ओल लागते, म्हणून तुझं घर उघडं ठेवलं आहे. रशीदा नावाची एक बाई इथे शिवणकाम करते, तिला जागा नव्हती. तिचं मशीन तुझ्या पुढच्या खोलीत ठेवलं आहे, तात्पुरतं. माझा ईदचा सदरा तिनंच शिवला. बाह्या थोड्या आखूड झाल्या आहेत.

तब्येतीला जप.

तुझा
शिफाझ


वेलिमाधू,
शुक्रवार, १९ एप्रिल १९९६

प्रिय आईला सलाम.

झुलेखाकाकू गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. अल्ला त्यांना जन्नत देवो. आंघोळ घालायला तू एकटी आणि कबर खणायला मूसाकाका एकटे, हे वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. मूसाकाकांच्या मागे नमाजाला उभा राहायला एकही पुरुष नव्हता असं लिहिलं आहेस. मी असतो तर उभा राहिलो असतो.

तुझे दिवस पुरे झाले हे मला माहीत आहे. मनिकूकाका काल जेटीवर भेटले. दोर गुंडाळत होते, माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुझी आई पेटी भरून उभी होती. केस विंचरून, हिरवा लिबास घालून. चढायला पाय पुढे केला, तर मी म्हटलं, बाई, तुझ्या घरून निरोप नाही. मी नेली आणि तिथे कोणी उतरवून घेतली नाही तर मी तुला ठेवू कुठे?"

"मग?"

"मग काय! पेटीवर बसली. तू वाचतोस-लिहितोस ना रे? मग एक ओळ लिही, घेऊन या म्हणून. मी भाडं मागणार नाही."

मी म्हटलं, बाबांना विचारून सांगतो.

आता जे लिहितो ते आधीच लिहायला हवं होतं, पण वाक्य नीट जमत नव्हतं. बाबांनी रशीदाशी लग्न केलं. काझींपुढे, रीतसर, रमजान संपल्या संपल्या. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. पुरुषाला एकीपेक्षा जास्त चालतात, तेव्हा तुझ्या येण्याला त्याची आडकाठी नसावी अशी माझी समजूत आहे. त्यांनी तुला परत घेतलं की तू तुझ्या निळ्या दाराच्या घरात, ती त्यांच्या. मी मनात सगळं मांडून ठेवलं आहे. फक्त बाबांशी बोलायचं आहे. ते सध्या मासेमारीवरून दमून येतात.

लैशा रशीदाला मावशी म्हणते. बाबा म्हणतात, आई म्हण. ती तव्यावरच्या गरम रोशीचा तुकडा तोंडात कोंबते.

रशीदाचा एक निरोप आहे. तुझ्या घरात झोपाळा टांगायला आढं चांगलं आहे, पण इथे साखळ्या मिळत नाहीत. आपल्या झोपाळ्याच्या साखळ्या काढून पाठवशील का? मूसाकाका खुर्चीवर चढून काढून देतील. बोटीतून साखळ्या आणायला मनिकूकाका तयार आहेत.

बकरी ईद जवळ आली आहे. मीठ संपत आलं असेल तर कळव.

तुझा
शिफाझ


वेलिमाधू,
गुरुवार, ३० मे १९९६

आईला सलाम.

साखळ्या मिळाल्या. तू गंज घासून, तेल लावून, जुन्या चादरीत बांधून पाठवल्यास. रशीदा म्हणाली, "बाई हाताची चांगली आहे हो!" तिनं हे खरंच चांगल्या मनानं म्हटलं. झोपाळा टांगला आहे, कुरकुरत नाही.

तू विचारलं होतंस की बाबांशी बोललो का. बोललो. ते जेवत होते, समोर भात आणि मासळीचं गरम पाणी होतं. रशीदा लिंबू कापत होती. मी म्हटलं, आईला परत घ्यायचं ना?

"आता कशी घेणार? तिसरा तलाक होता तो."

"दुसरा, बाबा. एक लैशाच्या जन्माआधीचा आणि एक हा."

"मी एक वर्ष राजधानीत, मालेला होतो, तेव्हा एक दिला होता. कचेरीत जाऊन. तिथे एक बाई होती, तिचा हट्ट होता. पुढे जमलं नाही, तेव्हा मुदतीच्या आत हिला परत घेतली. तेही कचेरीतच."

"आईला सांगितलं नाही?"

"कशाला? रडली असती."

रशीदानं सुरी खाली ठेवली आणि हसायलाच लागली. "अगं बाई! म्हणजे सुटली काय, परत बांधली काय, आणि तिला पत्ताच नाही!"

"तेव्हा दर बोटीला सुकी मासळी पाठवायची," बाबा म्हणाले. "चांगली असायची मासळी."

मी काझींकडे गेलो. मला वाटलं, न सांगता दिलेला मोजत नसतील. ते म्हणाले, मोजतात. तीन झाले. आता तू दुसऱ्याशी लग्न केलंस, संसार केलास, आणि तोही मोडला किंवा तो मेला, तरच. मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "मग मूसा मोकळा झालाच आहे की! त्याच्याशीच लाव म्हणावं. अख्खं बेट दोघांचं, राजाराणी." शेजारचे दोघे आले होते, तेही हसले. मी हसलो नाही. पण पानावरून उठलोही नाही. भात टाकणं बरं दिसलं नसतं.

ती चेष्टा आता जेटीपर्यंत गेली आहे. तू आणि मूसाकाका दोघंच बेटावर राहता, यावर लोक काय काय बोलतात ते मी लिहिणार नाही. म्हातारा आहे, त्याला धड दिसत नाही, हे मी एकदा सांगून बघितलं. उत्तर आलं, "हात लावायला डोळे कशाला लागतात?" तू नको तेव्हाही काळजी करतेस, म्हणून एवढंच सांगतो की माझा यावर विश्वास नाही. पण फरीहाच्या वडिलांच्या कानावर ते गेलं आहे.

फरीहाबद्दल मी लिहिलं नव्हतं. ती इथलीच आहे, नारळाचा काथ्या वळते, माझ्यापेक्षा हळू बोलते. लग्नाला ती तयार आहे. तिच्या वडिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुलाच्या नावावर घर हवं, आणि ज्या बाईबद्दल गाव बोलतं तिच्याबरोबर त्यांची मुलगी एका चुलीवर राहणार नाही.

बाबा म्हणतात, तुझं घर माझ्या नावावर करायला त्यांची हरकत नाही. घराचा मालक जूनअखेर घरात राहायला आला नाही तर घर परत जातं, असा नियम आहे. म्हणजे तू आलीस तर घर तुझं. सही केलीस तर माझं. काहीच केलं नाहीस तर कुणाचंच नाही. मी तिन्ही बाजूंनी विचार केला. पहिल्या बाजूनं जास्त वेळ केला, हे खोटं वाटलं तरी खरं आहे. तू आलीस तर रशीदा शेजारी, बाबा भिंतीपलीकडे आणि तुला त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरही ढळू देता येणार नाही, कारण ते आता तुला परके. तुला ते सोसणार नाही. मलाही बघवणार नाही. हे लिहिताना मला कळतं आहे की मी माझी सोय तुझ्या नावावर मांडतो आहे. पण लिहून झालं आहे आणि खोडायची मला सवय नाही.

लैशा आता रशीदाला आई म्हणते. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

पश्चिमेचा वारा सुरू झाला आहे. मनिकूकाका म्हणतात, ही शेवटची फेरी, यानंतर वारा पडेपर्यंत तिकडे कोणी येणार नाही, आणि पडल्यावरही दोन माणसांसाठी बोट वळवणं परवडत नाही. लाटांमुळे या वेळी बोट जेटीला लागणार नाही. तांदूळ, पीठ आणि रॉकेल झाकणाच्या डब्यांत घालून पाण्यात सोडतील, ते वाहत किनाऱ्याला येतील. मूसाकाकांना कमरेएवढ्या पाण्यापुढे जाऊ देऊ नकोस.

हे पत्र आणि घराचा कागद काका बोटीवरूनच, मासे धरायच्या लांब काठीच्या टोकाला पिशवी बांधून, जेटीच्या कडेला तुझ्यापर्यंत पोचवतील. कागदावर जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलीनं तुझं नाव पुसट लिहून दिलं आहे. त्यावरून पेन फिरव म्हणजे झालं. पेन पिशवीत आहे, चालतं का ते मी बघितलं आहे. सही वाळू दे, मगच घडी घाल. पिशवीत कागदाशिवाय काही ठेवू नकोस.

आणि आई, पिशवी परत बांधलीस की काठी सोडून दे. धरून राहू नकोस. तू धरलीस तर हिसका देऊन सोडवून घ्यायची, असं मी काकांना सांगून ठेवलं आहे. ते नाही म्हणत होते. मी हात जोडले तेव्हा हो म्हणाले.

उत्तर लिहायला बसू नकोस. सही पुरे.

शिफाझ