इराला जपानी येत नाही

शनि., १२ एप्रिल

इरा आज मोरीसानच्या आतल्या खोलीत गेली. मी गेनकानमध्ये, चपला काढायच्या पायरीवर. दोन वर्षं दर शनिवारी सायकल मारत, पूल ओलांडून इचिकावाला येतेय आणि त्याच पायरीवर बसतेय. म्हातारी एक्क्याऐंशीची, एकटी. त्या पायरीवर बसून मी तिचे गुडघे ऐकले, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं दुकान ऐकलं, खालच्या आजोबांच्या तक्रारी ऐकल्या. पण ‘आत ये’ कधी म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. मागायचं नसतं, थांबायचं असतं, अशी माझी समजूत.

आणि ही बया! स्टुडिओत येऊन महिना नाही झाला. जपानी म्हणाल तर ‘आरिगातो’ आणि ‘दाइजोबु’, संपलं. बूट काढताना धडपडली. म्हातारी हसली, हाताला धरून आत घेऊन गेली. कॅमेऱ्यासकट. मधलं दार सरकवलं. बाहेर मला इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता आणि मोरीसानचं सलग बोलणं. शब्द कळत नव्हते.

निघताना मला नेहमीचं सेनबेईचं, तांदळाच्या खारट बिस्किटांचं पाकीट. इराच्या हातांना संत्र्याचा वास येत होता. तिला सोलून दिलं असणार.

रवि., १३ एप्रिल

झोप लागली नाही नीट. ही फिल्म कोणाची? ते पिवळे रुमाल आधी मी पाहिले. लेकीच्या, ओवीच्या मैत्रिणीला सोडायला मोरीसानच्या दांचीत गेले होते, चार मजली जुनी सरकारी चाळच ती, आणि जिन्यातल्या प्रत्येक दाराच्या मुठीला पिवळा रुमाल. सकाळी बांधायचा, म्हणजे ‘मी ठीक आहे’. संध्याकाळी काढायचा. सकाळी रुमाल दिसला नाही की मोरीसान बेल वाजवणार. सगळी म्हातारी माणसं, सगळी एकटी. मी पळत जाऊन अनघाताईंना सांगितलं होतं, ताई, आपली पुढची फिल्म मिळाली.

अ.ताईंना फोन केला. स्टुडिओ त्यांचा, तेव्हा कोणाला कुठं पाठवायचं ते त्याच ठरवतात. म्हटलं, इराला भाषा येत नाही, घाई होतेय.

“मंजिरी, जळतेयस का गं?”

“छे! काहीतरीच काय ताई.”

जरा जास्तच जोरात म्हणाले. नवऱ्यानं, समीरनं, पेपरातून मान वर केली.

गुरु., २४ एप्रिल

आयत्या बिळावर नागोबा. बीळ मी खणलं, दोन वर्षं, नखं झिजवून.

स्टुडिओत आज अ.ताई इराचे स्टिल्स बघत होत्या. “उजेड कसला पकडलाय पोरीनं!” तीनदा म्हणाल्या. माझ्या एडिटला कधी ‘बरं झालंय’च्या पुढे गेल्या नाहीत. इरा लाजून म्हणे, “मंजूताईमुळेच गं, तिनं ओळख करून दिली म्हणून.” गोडबोली! खोटंही म्हणता येत नाही, खरं बोलते, तेच जास्त झोंबतं.

घरी आल्यावर समीर: “हल्ली रोज इरा इरा चालतं. मला वाटलं मैत्रीण झाली तुझी.” ओवी लगेच जपानीत, इरा कसली भारी आहे म्हणून. घरातसुद्धा सुटका नाही.

बुध., १४ मे

आतल्या खोलीचं फुटेज आज उघडलं. महिनाभर टाळलं होतं.

सुंदर आहे. नाइलाज आहे, सुंदर आहे. खिडकीतून उजेड, म्हातारी जिन्यातल्या सगळ्यांचे पिवळे रुमाल इस्त्री करतेय, घड्या घालतेय, आणि बोलतेय. इराचा कॅमेरा हललाही नाही. बिचारीला काय कळणार, मान डोलावत बसली असेल.

हेडफोन लावला. शब्द स्पष्ट.

“तुला काही कळत नाही ना? बरं आहे. बाहेर ती मंजिरीसान बसलीय, तिला सगळं कळतं. चांगली आहे. पण तिला सांगितलं तर ती काहीतरी करत बसेल.”

मग एक रुमाल. घडी. मग:

“माझा रुमाल मी रात्रीच बांधते, झोपायच्या आधी. सकाळी उठले नाहीच, तर लगेच कोणी धावत येऊ नये. गाडी, डॉक्टर, बेल. एक दिवस तरी मला माझ्या घरात पडू द्यावं. मी सगळ्यांच्या बेला वाजवते, माझी कोणी वाजवू नये.”

आणि हसून संत्रं पुढे केलं. सोललेलं.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, खोटं लिहायचं तर रोजनिशी कशाला. काळजी नाही वाटली. वाटलं, हे तिला का सांगितलं? मला का नाही? काळजी नंतर आली, बऱ्याच वेळानं.

कोनबिनीच्या दुकानात तीन वर्षं पार्टटाइम बाइतो केला, काउंटरवर शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं हे जपानी जिभेवर बसलं. आणि त्याच्यामुळेच मी बाहेर राहिले.

गुरु., १५ मे

सकाळी मोरीसानला फोन. काय बोलायचं सुचेना, मग विचारलं, कचऱ्यातल्या काचा कुठल्या दिवशी टाकायच्या? माझा वॉर्ड वेगळा, तिला काय माहीत असणार. तरी पाच मिनिटं समजावलं. जिवंत आहे.

अ.ताईंनी विचारलं, त्या खोलीत काय बोलतेय गं? म्हटलं, रुमालांबद्दल. खोटं नाही ते.

शुक्र., २३ मे

रोज सकाळी फोन करते. कधी लोणच्याच्या मुळ्याचं विचारायचं, कधी गुडघ्याचं. इराला ह्यातलं काही माहीत नाही ह्याचं मला बरं वाटतं. एका म्हातारीचं मरणसुद्धा मला एकटीला हवंय. काय बाई झालंय मला.

शनि., ३१ मे

पहिला कट दाखवला. तो शॉट नव्हता त्यात.

अ.ताई: “आतली खोली कुठाय?”

“लांबी वाढत होती.”

“मंजिरी. तो शॉट फिल्मचा जीव आहे. लांबी काय सांगतेस मला?”

इराचे डोळे भरले. मग सांगून टाकलं सगळं, शब्दन् शब्द. इरा म्हणाली, “आणि मी नुसती हो हो करत होते?” तिला खरंच वाईट वाटलं. ते बघून मला बरं वाटलं, मग लाज वाटली, तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

मी म्हटलं, कळत नाही म्हणून सांगितलंय तिनं. असं वापरायचं नसतं.

अ.ताई म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. पण मंजिरी, बरोबर आहे म्हणूनच म्हणतेयस ना?” मग म्हणाल्या, आपला नियम आहे तोच. ज्याच्यावर फिल्म, पहिला खेळ त्याचा. त्यानं काढ म्हटलं की वाद न घालता काढायचं. तिलाच दाखवू. शॉट परत टाक.

टाकला.

शनि., १४ जून

खेळ झाला. मोरीसानकडेच, आतल्या खोलीत. लॅपटॉपला टेबल तिथंच होतं म्हणून मला आत बोलावलं. काय असतं एवढं? इस्त्रीचं टेबल, जुना टीव्ही, नवऱ्याचा फोटो, तांदळाची पिशवी. ह्याच्यासाठी मी दोन वर्षं पायरीवर.

तो भाग आला तेव्हा म्हातारीनं स्क्रीनकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होती. स्वतःचा आवाज ऐकत, माझ्याकडे.

संपल्यावर अ.ताई म्हणाल्या, विचार, काय काढायचं? मी विचारलं. ती म्हणाली,

“केव्हापासून माहीत आहे तुला?”

“महिना झाला.”

“म्हणून रोज सकाळी फोन होय. मला वाटलं, बिचारीला करमत नाही.” हसली. मीही हसले. इरा आणि अ.ताई आमच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खरं सांगते, वर्षभरात इतकं छान वाटलं नव्हतं.

मग म्हणाली, “ह्या दोघींना मी काय सांगणार. तुला कळतं, तर तूच ठरव. ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ.”

“काय म्हणाली?” अ.ताई.

मी खरं तेच सांगितलं.

इरानं माझा दंड धरला. “मग ठेवशीलच ना, मंजूताई?”

मंगळ., १७ जून

शुक्रवारी फायनल द्यायचंय. अ.ताईंनी मध्ये पडायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे त्या फार गोड बोलतायत. इराचा मेसेज: “तू जे करशील ते मला मान्य.” खाली हृदय. मोरीसानला सकाळी फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न, “ठरलं का?” म्हटलं, नाही. “मग उद्या कर फोन,” म्हणाली आणि ठेवला.

दोन्ही बाजूंची कारणं माझ्याकडे तयार आहेत. काढायचा, कारण ते तिचं खाजगी आहे, जिन्यातली माणसं बघतील, उद्यापासून तिच्या दाराची बेल वाजायला लागेल. ठेवायचा, कारण तिनंच मोकळीक दिलीय, आणि त्याच्याशिवाय ती फिल्म म्हणजे नुसती रुमालांची जाहिरात. दोन्ही खरी. दिवसभर इकडून तिकडे.

मग दुपारी भांडी घासताना विचार आला, हाच शॉट मी घेतला असता तर?

ठेवला असता. एवढा विचारसुद्धा केला नसता. फिल्मच्या सुरुवातीला टाकला असता, आणि म्हातारीनं मला कसं आत बोलावलं ते आमच्या सगळ्या एदोगावा वॉर्डाला सांगत फिरले असते.

एडिटची टाइमलाइन उघडून बसलेय. शॉट अजून आहे.