उमरग्याच्या बरणीकालवणाची वाटणी

मी, नागम्मा भ्रतार बंडप्पा कोळगे, वय अंदाजे बासष्ट, धंदा कालवण विक्री, राहणार उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय माझ्या मागची व्यवस्था सांगते. गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक चालतं. मी बोलते, वकीलसाहेब लिहितात. मधूनमधून नाक मुरडतात, तरी लिहितात.

कलम एक. राहतं घर मुलगा सिद्धेश्वर याला. तो सोलापुरात गिरणीच्या कचेरीत कारकून आहे. घर ठेवायचं की विकायचं, ते त्यानं बघावं.

कलम दोन. सडकेवरचं दुकान मात्र त्याला नाही. कारण सांगते.

माझे मालक सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवायचे. हॉटेलातलं खाऊन त्यांचं पोट बिघडायचं. म्हणून मी वांगी, गवार, चिंच, काळं तिखट आणि सढळ हातानं करडईचं तेल घालून घट्ट कालवण शिजवायची आणि चिनी मातीच्या बरणीत भरून द्यायची. परत येईपर्यंत ते टिकायचं, पण बरोबरचे ड्रायव्हर त्यावर तुटून पडायचे आणि मालक उपाशीच घरी यायचे. मग मी जादा बरण्या भरू लागले. मालक लिंगैक्य झाले, मी एकटी मागं उरले, तेव्हा त्याच विकायला काढल्या.

थोरले दीर बलभीम दारात येऊन म्हणाले, "कोळग्यांच्या घरचं कालवण सडकेवर मांडणार? आम्ही तोंड कुठं लपवायचं?"

मी म्हटलं, "लपवू नका, उघडा. चव बघा."

ते तडक निघून गेले.

पहिल्याच उन्हाळ्यात गफार ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये बरण्यांची झाकणं उडाली. कालवण फसफसून लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर सांडलं. दिरांनी ते गावभर केलं. मी चूल विझवून बसले.

शेजारची शरिफाबी भिंतीवरून बोलली, "अक्का, बरण्या धुऊन पुसल्या का वाळवल्या?"

"पुसल्या."

"तिथंच घोळ हाय. लोणच्याची बरणी मी दिवसभर उन्हात ठेवते. आन् कालवण गार झाल्याबिगर झाकण लावू नका, वाफ आत कोंडते."

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून चुलीपाशी हजर. नवी बरणी कुणी घेईना. शेवटी गफारच म्हणाला, "आणा इकडं. आता फसफसली तर तुमच्याच दारात आणून फोडतो." परतताना तो रिकामी बरणी आणि मागं आणखी तीन-चार ट्रक घेऊन आला.

तेव्हापासून दुकान आम्हा दोघींचं. कागदावर मात्र माझं एकटीचं नाव पडलं. सिद्धेश्वर म्हणतो, शरिफाबी पगारी बाई आहे. तिनं कधी पगार घेतला नाही. जे सुटलं ते आम्ही वाटून घेतलं. जागा टायरवाल्याला द्यायची त्याची बोलणीही माझ्या कानावर आली आहेत. सबब दुकानाचा निम्मा हिस्सा शरिफाबीला आणि निम्मा सून वनमाला हिला. वनमाला सोलापूरहून आली की चुलीपुढून हलत नाही. एकीनं दुसरीला विचारल्याशिवाय दुकान विकू नये. नवऱ्याला विचारायची गरज नाही.

कलम तीन. मोठं पातेलं दोघींचं. त्याला वेळेवर कल्हई करावी, कालवण आंबट असतं.

कलम चार. बलभीम भावोजींना माझ्याकडून काही नाही. त्यांचा राग त्यांच्याकडेच सुखरूप राहो. त्यांची सून मागल्या दारानं बरणी नेते. ती कुणासाठी, हे मला ठाऊक आहे. तिला बरणी देत जावी, चौकशी करू नये.

कलम पाच. मी गेल्यावर दुकान एक दिवस बंद ठेवावं. जास्त नको.

वरील मजकूर मला वाचून दाखवला तेव्हा शरिफाबी हजर होती. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अक्का, मला निम्मं नको. तुमीच ऱ्हावा."

मी म्हटलं, "आज कुठं मरते गं? सकाळी वांगी यायची हायत. देठं कोण काढणार?"

हे मृत्युपत्रात बसत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. ते लिहून होईपर्यंत मी अंगठा दिला नाही.

नागम्मा भ्रतार बंडप्पा कोळगे हिच्या डाव्या हाताचा अंगठा

आमच्यासमक्ष अंगठा दिला, साक्षीदार:
१. गफार दादामियाँ, ट्रक ड्रायव्हर (सही)
२. अंबादास तेलवाले, व्यापारी (सही)

मुक्काम उमरगा, दिनांक १२ फेब्रुवारी १९६४