बाभळीच्या जागी कदंब

शहादा, २० जुलै २०२५

चि. निशास उमाकांतमामाचे पोटभर आशीर्वाद.

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. चिर्र, चिर्र, मग एकदम सगळ्यांचा गलका. मी चौथीत असताना नाल्याकाठच्या आपल्या बाभळींवर सुगरण पक्षी घरटी विणायचे आणि तुझी आई खाली उभी राहून त्यांना पाढे म्हणून दाखवायची.

त्याच शेतावर आता भरत प्लॉट पाडतोय. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण तो वाईट नाही गं. नव्या वसाहतींत पाखरं राहावीत म्हणून तुमच्या नगररचना कार्यालयाने झाडांची यादी काढली, तीच घेऊन तो म्हणतो, बाबा, यात बाभूळ नाही. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून बाभळी काढणार आणि तिथे कदंब, बकुळ लावणार.

त्या यादीसाठी झाडं तू मलाच विचारली होतीस. कवितांच्या तासाला शिकवलेली सगळी मी हौसेने सांगितली. सुवासाची आठवली, काट्यांची नाही. आता घरट्यांत पिल्लं असतील, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले, लिफ्ट बंद, खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी. काहीतरी कर.

तुझ्या मायेवर टेकलेला,
मामा

नंदुरबार, २८ जुलै

ती. मामांस निशाचा सा. न. वि. वि.

यादी सुधारायचा प्रस्ताव दिलाय, पण तो वर जाऊन खाली येईपर्यंत दिवाळी उजाडेल. तुमच्या प्लॉटांचा नकाशा घरचा, म्हणून त्याला मी हात लावू शकत नाही. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, मामाचं शेत आलं तशी मॅडमना बाभूळ आवडायला लागली. गावोगावच्या पालिकांना शिकवत फिरते आणि स्वतःच्याच नियमात अडकून बसलेय.

एक वाट आहे. वसाहतीत खुली जागा सोडावीच लागते. भरतने ती खडकाळ कोपऱ्यात दाखवलीय. ती नाल्याकाठी हलवली की बाभळी वाचतात. पालिका तयार आहे, भरतही कुरकुरत हो म्हणाला. पण जमीन तुमची आणि थोरल्या फुलवंतामामींची, दोघांची संमती हवी. त्यांची आशा म्हणते, प्लॉट पाडायचं ठरवताना तुम्ही तिच्या आईला विचारलंच नाही, नुसता कागद पुढे केला. तेव्हापासून त्या तुमचं नाव काढू देत नाहीत. कानबाईच्या सणाला घरी येतील तेव्हा बोला. कविता नको, सरळ बोला.

रागावण्याइतका लोभ राहू द्या.
तुमची निशा

शहादा, ७ ऑगस्ट

चि. निशास अनेक आशीर्वाद.

कानबाई बसली आणि गेलीही. फुलवंतावहिनी आली नाही. रोटाचा प्रसाद भाऊबंदांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही, म्हणून तिचा वाटा झाकून ठेवला होता. शेवटी मीच खाल्ला.

फोन ती उचलत नाही. आणि विचारायचं ते काय होतं? दादा गेल्यावर सगळे व्यवहार मीच बघत आलो. घरातल्या माणसाला कोणी विचारत बसतं का?

तुझाच,
मामा

नंदुरबार, १३ ऑगस्ट

ती. मामांस सा. न.

सारंगखेड्याला जाऊन आले. मामींनी चहा दिला, वर ठेचा-भाकरीही दिली. बाभळींचं, पिल्लांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाव्हनी म्हनीसन चहा पे, वकील म्हनीसन येवू नको. यापुढे माझ्याने काही होणार नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही मी देणार नाही.

निशा

शहादा, २१ ऑगस्ट

चि. निशास आशीर्वाद.

उद्या पोळा, परवा जेसीबी. खाली रस्त्यावर बैलांच्या झुली, गोंडे विकायला आलेत, मला वरून नुसता आवाज येतो. भरत म्हणतो, बाबा, कदंब मोठे झाले की पाखरं परत येतील. पिल्लांना तेवढा दम कुठून यायचा? काल जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो आणि कठड्याला धरून तिथेच

कडी वाजली म्हणून उठलो होतो. निशा, दारात वहिनी आहे. तीन जिने चढून आलीय, धाप लागलीय, आशा पाठीशी उभी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला नाही. उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकलं नाही. म्हणते, उमाभाऊ, या वखतले तरी माले इचारशी का?

हे अर्धं टाकून उठतो. तिला बाहेर ताटकळत ठेवायचं नाही.