ळच्या दुसऱ्या गोलातली खाच

सर,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षे होत आली. या काळात मी तुमच्यावर तीन भाषणे, दोन लेख आणि एक प्रस्तावना एवढा ऐवज रचला. पत्र मात्र आज प्रथमच लिहीत आहे. भाषणांत मी तुमचा उल्लेख ‘अक्षरतपस्वी’ असा करतो आणि श्रोते माना डोलावतात. तुम्ही समोर असता तर म्हणाला असता, “अहो, मी पगारी शिक्षक होतो. तपश्चर्येला पेन्शन नसतं.” मी सांप्रत वाघोलीतल्या एका महाविद्यालयात दृश्यकला व संज्ञापन या विषयाच्या पदव्युत्तर विभागाचा प्रमुख आहे. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. तिच्यातल्या अक्षरांमधले अंतर चुकलेले आहे, आणि ते मीच मंजूर केलेले आहे. हे पद मला ज्या प्रबंधाच्या पुण्याईने लाभले, त्याविषयीच हे निवेदन आहे. पदव्युत्तर परीक्षेसाठी मी एक संपूर्ण देवनागरी अक्षरमाला सादर केली होती आणि तुम्ही माझे मार्गदर्शक होता. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, ही त्यातली सर्वांत अवघड बाब.

स्वारगेटजवळचे तुमचे दोन खोल्यांचे घर मला खोलीपेक्षा उजेडाने अधिक आठवते. उत्तरेचा सौम्य प्रकाश फक्त स्वयंपाकघरात येत असे, म्हणून तुमचा ड्रॉइंग बोर्ड ओट्याला टेकवलेला. मी दाराशी उभा आहे. तुम्ही बोरू शाईत बुडवता, काठावर निथळवता आणि श्वास रोखून शिरोरेषेखाली उतरता. काकू मागून म्हणतात, “अहो, ती दौत सरकवा जरा, फोडणी करायचीय.” तुम्ही मान न वळवता म्हणता, “थांब, ळ चाललाय.” “ळ थांबेल हो, मोहरी थांबत नाही.” तुम्ही दौत सरकवता, पण हात उचलत नाही. तरी ळच्या दुसऱ्या गोलात तो उचलावाच लागतो. तरुणपणी छापखान्यातल्या कटिंग मशिनमध्ये सापडून तुमच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर कायमचे ताठ झाले होते. बोरू तेवढा फिरत नसे; मध्येच उचलून पुन्हा टेकवावा लागे आणि त्या जागी तांदळाच्या कणीएवढी खाच राही. “ही आमच्या अंगठ्याची सही,” असे तुम्ही हसत म्हणालात. त्या वेळी स्वयंपाकघरात तुम्ही, काकू आणि मी एवढेच होतो.

बारा वर्षे जमवलेली ती अक्षरे तुम्ही कधी छापली नाहीत. मला अभ्यासासाठी त्यांचे फोल्डर दिलेत आणि बजावलेत, “मनसोक्त बघ. पण वर ट्रेसिंग पेपर ठेवू नकोस. हाताला लबाडीची सवय लागली की जन्मभर सुटत नाही.” मी नम्रतेने मान लववली. नम्रता हा माझ्या आळसाचा अत्यंत जुना अलंकार आहे. सोळा स्वर मी खरोखर स्वतः काढले, त्यात अडीच महिने गेले आणि ते सर्व जणू एकाच आजारातून उठल्यासारखे दिसत होते. परीक्षा तीन आठवड्यांवर आली. मग मी खोलीचे दार लावले, ट्रेसिंग पेपर घेतला आणि सर्व व्यंजने नऊ दिवसांत सिद्ध केली. म्हणजे स्वर माझे, व्यंजने तुमची. व्याकरणात व्यंजनांना स्वरांचा आधार लागतो म्हणतात. माझ्या प्रबंधात परिस्थिती सर्वस्वी उलट होती. ट्रेसिंगच्या झपाट्यात मी ळची खाचही इमानेइतबारे उतरवून घेतली. चोरी करणाऱ्याने निदान निवड तरी करावी. तेवढाही विवेक मी दाखवला नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तिथेच बोट ठेवले. “या दुसऱ्या गोलात खाच कशासाठी?” तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात, हातात माझा प्रबंध. मी घसा साफ केला. “ळ हा मूर्धन्य वर्ण. उच्चारताना जिव्हाग्र मागे वळते, मूर्ध्याला क्षणमात्र स्पर्शते आणि परतते. तो परतीचा क्षण मी दृश्यरूपात अंकित केला आहे.” हे वाक्य आरंभण्यापूर्वी अस्तित्वातच नव्हते, सर. परीक्षक पुढे सरकून बसले. तुम्ही प्रबंध मिटलात आणि म्हणालात, “आपण फार खोल विचार केलात. मला हे कधी सुचलं नसतं.” तुम्ही रागावलात की ‘तू’चा ‘आपण’ होत असे, हे वर्गात सर्वांना माहीत होते. खोलीत त्या क्षणी ते मला एकट्यालाच कळले. मला प्रथम वर्ग मिळाला. आठवड्याने फोल्डर परत करायला आलो तेव्हा तुम्ही कागद खिडकीशी तिरका धरून पाहिलात. “पेन्सिल कोणती वापरलीस?” मी म्हणालो, “टू एच.” “एचबी घ्यायची. कठीण शिशाने खालच्या कागदावर वळ उठतात.” एवढेच. पुढे काकूंना हाक मारून तुम्ही माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलात, आणि मी तो प्यायलोही. तुम्ही परीक्षकांना का सांगितले नाहीत, हे विचारायला माझ्याकडे त्यानंतर बारा वर्षे होती. तेवढ्या काळात मी त्या मूर्धन्य सिद्धान्ताचे व्याख्यान मात्र असंख्य वेळा दिले. विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

गेल्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी केबिनमध्ये आली. मूळची गोंदियाकडची, हुशार, स्पष्टवक्ती. ती तुमच्या अक्षरांवर प्रबंध लिहीत आहे. काकूंनी विश्वासाने तिला तेच फोल्डर दिले. तिने कागद टेबलावर मांडले, मोबाइलचा लाइट आडवा पाडला आणि म्हणाली, “सर, एक डाउट होता. इथे बघा ना, सगळ्या व्यंजनांभोवती पेन्सिलचे वळ आहेत. आणि तुमच्या थीसिसमधला ळ अन् हा ळ सेम टू सेम आहे, खाचेसकट.” मी चष्मा पुसू लागलो. चष्मा स्वच्छ होता. “तुमच्या थीसिसवर तारीख आहे, या शीट्सवर नाही,” ती पुढे म्हणाली. “म्हणजे मला वाटतं, त्यांनी तुमचं डिझाइन कागदावर दाबून उतरवलं, मग शाई भरली. आणि खाचेची थिअरी तर तुमचीच आहे. सॉरी सर, तुमचे गुरू होते ते. पण लिहावं तर लागेलच ना?”

अनुमान तर्कशुद्ध होते. तर्क तिला मीच शिकवला आहे. केवळ एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. वळ शाईखाली नव्हते, शाईवरून गेले होते. जिथून पेन्सिल फिरली तिथे शाईची चमक खरवडली गेली होती. मला ते चष्म्यावाचूनही दिसत होते. एका वाक्याचे काम होते. मी म्हणालो, “तपासून सांगतो.” ती म्हणाली, “चालेल सर, सोमवारपर्यंत. सबमिशन आहे.” दाराशी थांबून तिने आणखी एक विचारले: “तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?” मी म्हणालो, “संशोधनात वाईट वाटून घ्यायचं नसतं.” हे वाक्यही, सर, आरंभण्यापूर्वी अस्तित्वात नव्हते.

आज रविवार. नगर रस्त्यावरची वाहतूक आज तरी पुढे सरकते आहे. सकाळपासून विभागात एकटा बसून हे लिहितो आहे, आणि लेखन निर्विघ्न चालले आहे. तुम्हाला कबुली देणे सोपे, कारण तुम्हाला सगळे ठाऊक होते आणि तुम्ही आता उत्तर देणार नाही. तिला मात्र दोनच वाक्ये धाडायची आहेत: अक्षरे सरांची आहेत, वळ माझे आहेत. तिचा क्रमांक माझ्या मोबाइलवर उघडा आहे. ‘प्रिय विद्यार्थिनी’ लिहिले आणि खोडले, फार औपचारिक वाटले. मग ‘सस्नेह’ लिहिले, तेही खोडले. गेला पाऊण तास मी मायना निवडतो आहे.