गोवर्धनच्या नावाची बातमी

अकोला, चैत्र शुद्ध पंचमी

सौभाग्यवती गोदाबाईस आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे?

गिरणीच्या पगारावर फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या गोवर्धनने दारू पिऊन पंचाला मारलं, असं पेपरात आलं आहे. भाजीबाजारात त्यावरच भांडणं चालतात.

उत्तमराव माळी म्हणतो, "पेपरवाला कावून खोटं छापीन?"

शालिकराम म्हणतो, "त्या पेपरवाल्याले हरलेल्या दुसऱ्या गिरणीनं जेवाले बोलावलं असन!"

मलाही पेपरवाल्याचाच संशय येतो. म्हणून गोवर्धनला म्हटलं, "चाल महादेवापुढं, बेलभंडार उचलून शपथ घे." तो म्हणाला, "उद्या जाऊ, बाबा." त्याचा उद्या अजून आला नाही.

गोवर्धनच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे तिकडे चौकशीला आले, तर पेपर खोटा आहे असं सांग. शपथ मात्र घेऊ नकोस.

तुझा काळजीतला,
नत्थुजी